परत काट्यावर ठेवलेली लगड

गलाईच्या दुकानात केर टाकत नाहीत.

सकाळी झाडलं की केर पत्र्याच्या डब्यात जातो. हात धुतलेलं पाणी पिंपात. बसायचं पोतं विरलं की तेही जाळून त्याची राख ठेवायची, कारण सोन्याचा कण डोळ्याला दिसत नाही आणि कुठंही जाऊन बसतो. नखात, केसात, चपलेच्या शिवणीत. मी नववी अर्ध्यात सोडून मामांच्या मागं इकडं तमिळनाडूत आलो, तेव्हा पहिल्या दिवशी भट्टी किंवा तेजाब यातलं काही शिकवलं नाही. झाडायला शिकवलं. मामा म्हणाले, "आपल्यात केर म्हंजे बी माल हाय. टाकलास की गेलास."

विट्याच्या पुढचं आमचं गाव. तिकडच्या घराघरांतली माणसं या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सराफांकडचे मोडीचे डागिने मुशीत घालून वितळवायचे, मळ काढायचा आणि शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची, एवढंच आमचं काम. या कामात संशय हा चिमट्यासारखा लागतो. माल आणणारा आमच्या हाताकडं बघत असतो, आम्ही त्याच्या मालाकडं. कुणी राग मानत नाही. दिसण्यावर इथं कुणी जात नाही, काटा काय म्हणतो ते खरं.

पण मी तोललेलं मामा परत तोलत नसत. पुष्कळ वर्षं असं चाललं होतं. ते कुणी बोलून दाखवलेलं नव्हतं, मीही कधी काढलं नाही. शाळेचा दाखलासुद्धा धड नसलेल्या माणसाला दुसरी पदवी कुठली? माझी तीच होती.

आणि एका लग्नसराईत, काम अंगावर येत असताना, मामांनी माझ्या हातची लगड घेतली आणि परत काट्यावर ठेवली.

आकडा बघितला, लगड कापडात गुंडाळली आणि चहा सांगितला.

एवढंच झालं. पण माझ्यासाठी तिथून पुढं दिवस सरळ राहिला नाही. मामा खोकले तरी मला वाटायचं, हा माझ्यासाठी खोकला. कुलूप लावताना त्यांनी दोनदा ओढून बघितलं, ते माझ्यामुळं. गिऱ्हाईक त्यांच्या कानाशी लागून तमिळमध्ये काही बोललं, तर माझंच नाव असणार. काम तर थांबत नव्हतं. एक मूस उतरवायच्या आत दुसरी तयार, बाहेर माणसं बसलेली, फोन वाजतोय. कुठलं आधी धरावं ते कळेना. मूस लाल झालेली असताना मी चिमटा शोधत फिरलो आणि चिमटा माझ्या हातातच होता. छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. मग मी संडासात जाऊन उभा राहायचो.

थोड्याच दिवसांत मामा म्हणाले, "तू आक्काकडं जाऊन ये. थोडं दिस ऱ्हा. हितलं बघतो आमी."

आमी म्हणजे कोण, ते दुसऱ्या दिवशी कळलं. मामांच्या सासरवाडीकडचा एक माणूस पिशवी घेऊन उतरला आणि चहा पिऊन झाल्यावर माझ्या पोत्यावर जाऊन बसला. भट्टीसमोरचं पोतं. मी समजलो ते समजलो. गाडीत बसताना एकच प्रश्न घेऊन बसलो होतो, ती जागा आता मला परत मिळणार की नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, साताऱ्यात असते. दाजी फौजेतून रिटायर झालेले. पहाटे उठून अंथरुणाची अशी घडी घालतात की कोपऱ्याला कोपरा. मी त्यांच्या घरी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. आक्का म्हणायची, "तोंड बघ रं आरशात. वाळल्या शेंगंसारखं झालंय." मी उठत नव्हतो, पण कान उघडे होते. ती स्वयंपाकघरात फोनवर बोलत असायची आणि मी पाणी प्यायला गेलो की "बरं, ठेवते" म्हणायची. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी पाणी न पिताच परत आलो. पलीकडं मामा असणार, आणि बोलणं माझ्यावरच असणार.

एक दिवस दाजी म्हणाले, "चल, पाय मोकळे करून येऊ." पोवई नाक्याकडं चालत गेलो. तिथं औषधांच्या एका दुकानाशेजारी जिना होता. दाजी जिन्यापाशी थांबले.

"वर जा. एक मॅडम हायेत. बोलून ये."

"दाजी, मी येडा न्हाई."

"मी बी न्हाई. पर मी गेलतो."

"कवा?"

"ते मग सांगतो. चढ वर. डावा पाय पुढं."

ते "मग" अजून आलेलं नाही.

वरच्या खोलीत गेल्या गेल्या मी सगळं बघून घेतलं. गळ्यात डॉक्टरची नळी नाही, टेबलावर औषध नाही, भिंतीला कुठल्या देवाचा फोटोसुद्धा नाही. मी तोंड उघडायच्या आधीच कागदी रुमालांचा डबा माझ्या खुर्चीकडं सरकवलेला. आणि घड्याळ कुठं लावलेलं, तर माझ्या पाठीमागं. म्हणजे वेळ तिला दिसणार, मला नाही. मॅडम साधारण माझ्याच वयाच्या. आवाज असा मऊ की मला वाटलं, अशा आवाजात माणसाकडून काय काय काढून घेता येत असेल.

त्यांनी माझ्यापुढं कोरा कागद आणि पेन ठेवला.

"मी लिहिणार न्हाई," मी म्हणालो. "लिहून दिलं म्हंजे सही झाली."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कागद खणात टाकला. "मग बोलूया."

इतक्या पटकन माघार घेतली याचंच मला नवल वाटलं. मनात म्हटलं, दुसरी काही तरी सोय केलेली असणार.

हा जो उपचार त्या करायच्या, त्याला सीबीटी म्हणतात असं त्यांनी सांगितलं. मला ते कुठल्या तरी बँकेचं नाव वाटलं. मराठीत त्यांनी असं समजावलं, की काही एक घडतं, ते घडलं की मनात एक विचार येतो, त्या विचारानं अंगात काही तरी होतं आणि मग आपण काही तरी करतो. आपण सगळा दोष घडलेल्या गोष्टीला देतो. मधला विचार कुणी तपासत नाही. लगडीची गोष्ट तेवढी मी तोवर सांगून बसलो होतो.

"मामांनी लगड परत ठेवली. त्या क्षणी मनात पहिल्यांदा काय आलं?"

"काय येणार? त्यांनी मला चोर ठरवलं."

"ठरवलं? की तसं तुम्हाला वाटलं?"

पोलीस असंच विचारतात असं मी ऐकून होतो.

जिना उतरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हिला दाजींनी ठरवलं, दाजींना आक्कानं सांगितलं, आक्काला मामांनी. म्हणजे मी इथं बोललेलं त्याच वाटेनं परत मामांकडं जाणार. मग मी ठरवलं, आपण खोटा माल टाकून बघायचा. पुढच्या खेपेला मी मॅडमना गंभीर तोंड करून सांगितलं, "कुणाला बोलू नका, पर मी कर्नाटकात जमीन बघितलीया. मामांची संगत सोडणार हाय." कसली जमीन आणि कसलं काय. कर्नाटक मी जाता-येता गाडीच्या खिडकीतूनच तेवढं बघितलेलं. म्हटलं, आता बघू हे कुठून बाहेर येतंय.

आणि वाट बघत बसलो. आक्काच्या तोंडाकडं, दाजींच्या तोंडाकडं. एका दुपारी जेवताना दाजी म्हणाले, "कर्नाटकात..." माझा घास हातातच राहिला.

"...पाऊस लय झालाय म्हणं," दाजी म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली.

आक्का म्हणाली, "का रं थांबलास? मीठ जास्त झालंय व्हय?"

मधल्या काळात मॅडमनी मला काम लावलं. सगळं एकदम सुधारायचं नाही, सकाळी उठून फक्त दूध आणायचं. बाकी दिवस पडून राहिलात तरी चालेल. मला हसू आलं. दूध आणायला सांगायला मॅडम कशाला पाहिजे, ते तर आक्का रोज ओरडून सांगत होती. पण मॅडमनी त्यात एक मेख मारली. दुकानात गेल्यावर काय होईल असं वाटतं, ते आधी सांगायचं. मी म्हणालो, "दूधवाला विचारंल, कोण तुमी, काम सोडून हितं का बसलाय." दुसऱ्या दिवशी गेलो. दूधवाला म्हणाला, "पिशवी आणलीया का?" आणली नव्हती. तेवढंच बोलणं झालं. त्यानंतर मी रोज जायला लागलो. दूध आणल्यावर घरात आहेच तर भाजी निवडायची, भाजी निवडली की अंघोळ उरकायची, असा दिवस हळूहळू पायावर उभा राहू लागला.

जमिनीची गोष्ट काही कुणाच्या तोंडून बाहेर आली नाही. शेवटी मीच कंटाळलो आणि मॅडमना सांगून टाकलं की ती खोटी होती, तुमची परीक्षा बघायला सांगितली होती. मला वाटलं, आता हाकलून देणार.

त्या खुर्चीत मागं रेलून एवढ्या हसल्या की चष्मा काढावा लागला.

"म्हणजे मी शिकवायच्या आधीच तुम्ही केलंत! अहो, याच उपचारातलं आहे हे. भीती काय म्हणते ते धरायचं आणि खरं निघतं का ते करून बघायचं. बहुतेकांना मला महिना महिना विनवावं लागतं."

त्या खोलीत मला पहिल्यांदाच काही तरी येतंय असं वाटलं. मग मी धंद्याविषयी मोकळा बोललो. केराचंही सांगितलं. डबा, पिंप, राख, सगळं.

"मग त्या केराचं करता काय?"

"वरीसभर साठवायचा. मग जाळायचा, पाण्यात घोळायचा. जड ते खाली बसतंय. सोनं तेवढं निघतंय."

"आणि उरलेलं?"

"टाकतो की."

"टाकता?"

"मग काय करायचं? घोळून झाल्यावर त्यात काय असतंय?"

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. वेळ संपली होती, म्हणजे त्यांच्या घड्याळात. अर्ध्या जिन्यात माझा पाय थांबला. मामांचा खोकला, दोनदा ओढलेलं कुलूप, आक्काचं "बरं, ठेवते", गिऱ्हाइकाचं तमिळ कुजबुजणं, सगळं मी डब्यात भरून ठेवलं होतं आणि एकदाही घोळलेलं नव्हतं. आधी रागच आला. बाईनं गोडीत बोलतं करून मलाच माझ्या तोंडून सांगायला लावलं. तसाच परत वर जाऊन भांडावं असंही वाटलं. मग घरी भाजी निवडायची राहिलीय ते आठवलं आणि गेलो.

अशात गावची जत्रा आली. जत्रेला आमच्याकडची माणसं असतील तिथून येतात, मामाही येणार होते. मॅडम म्हणाल्या, "विचाराल का त्यांना?"

"काय इचारू?"

"लगड परत का ठेवली ते. पण जायच्या आधी ते काय म्हणतील असं तुम्हाला वाटतं, ते मनाशी पक्कं करा."

मी म्हणालो, "मान फिरवतील. 'नंतर बोलू' म्हणतील. आन् म्हणतील, तुझी जागा भरली."

"बरं."

"मॅडम, आन् खरंच त्यांना संशय असला तर?"

आता ह्या म्हणणार, नसेल हो, तुमच्या मनाचे खेळ आहेत. पण त्या म्हणाल्या, "असला तर तेही कळेल. मग त्याचं काय करायचं ते बघू. तुमचा विचार खोटाच आहे, असं मी एकदा तरी म्हटलंय का?"

नव्हतं म्हटलं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो तिथं. आमच्यात जो बघताक्षणी "अस्सल हाय" म्हणतो, त्याच्याकडून कुणी माल घेत नाही.

जत्रेच्या दिवशी एसटीत बसलो. उंब्रज येईपर्यंत ठीक होतं. तिथं गाडी थांबली, माणसं चढली, गर्दी झाली आणि छातीवर पाटा आला. उतरून परत साताऱ्याची गाडी धरावी असं वाटलं. पायही पिशवीकडं गेला. शेजारी कोंबडा मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी होती. ती म्हणाली, "आरं, उतरायचं हाय का बसायचंय? माज्या कोंबड्याला धक्का लागतोय." मी म्हणालो, "बसायचंय." म्हणालो म्हणून बसलो. कराडला गाडी बदलेपर्यंत पाटा होता, नंतर कधी उतरला ते कळलं नाही.

गावात पोचलो तर मामा आमच्या ओट्यावर बसून देवळातून आलेल्या नारळाचं खोबरं काढत होते. करवंटी गुडघ्याला टेकवलेली, हातात सुरी. मला बघून म्हणाले, "आलास? तोंडावर जरा तेज आलंय. हे घे." खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. मी तो हातातच धरून ठेवला. खाल्ला असता तर विचारणं राहिलं असतं.

"मामा, एक इचारू?"

"इचार की."

"लग्नसराईत तुमी माझी लगड परत काट्यावर ठेवली हुती."

"कुठली रं?"

ज्या गोष्टीवर मी एवढे दिवस उपाशी झोपलो, ती ह्यांच्या ध्यानातच नाही. मला क्षणभर वाटलं, सोडून द्यावं. पण मी सांगितलं, कुठल्या सराफाची, कुठल्या दुपारची. मामांची सुरी थांबली.

"व्हय. ठेवली हुती."

"का?"

"संशय आला हुता."

"माझा?"

"मग काय काट्याचा? तुझाच."

पण मामांनी मान फिरवली नव्हती. सरळ माझ्याकडं बघत होते.

"तुझा हात थरथरत हुता, लेका. इतकी वर्सं बघतोय, तुझा हात कवा हलला न्हाई. हात दोनच वक्ताला हलतोय. एक तर माणसानं काय तरी दडवलंय, न्हाई तर माणूस आजारी हाय. तोंड बघून कळतंय व्हय ते? म्हणून ठेवली काट्यावर. बराबर भरली. मग दुसरंच उरलं की. त्याच सांजंला आक्काला फोन केला, म्हटलं पोरगं धाडतोय, ध्यान दे."

"मग मला का सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? तुझ्यावर संशय घेतला आन् तू पास झालास? पेढं वाटायचं व्हतं का?" मामा हसले. मग हसू आवरून म्हणाले, "आजारी हायस म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं.

"आन् त्यो माणूस? माझ्या पोत्यावर बसलेला?"

"भट्टी इझवून ठिवू व्हय, लग्नसराईत? तू ये, त्यो पिंपाकडं बसंल. आन् त्ये खोबरं खा. हातात धरून शिकवणी घ्यायला बसलाय."

मी खाल्लं.

साताऱ्याला येऊन मॅडमना सगळं सांगितलं. बघा, मी म्हटलं नव्हतं का, असं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "अंदाज किती बरोबर निघाला तुमचा?"

"अर्धा."

"कुठला अर्धा?"

मला वेळ लागला. "संशय आला हुता, ते बरोबर. त्यो तसाच ऱ्हायला, ते चूक."

उठताना आभार मानायचे होते. आक्कानं तसं घोकवून पाठवलं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "मॅडम, घड्याळ माझ्या मागंच का लावलंय?"

त्यांनी माझ्या मागं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होत्या. "तिथं आधीचा खिळा होता हो."

आता मी परत इथं आहे, आमच्या भट्टीसमोर. हे दुकानामागच्या खोलीत बसून लिहितोय. लिहून दिलं म्हणजे सही झाली, हे मला अजूनही पटतं. म्हणूनच लिहितोय. त्या खोलीत म्हणायचं राहिलं ते इथं म्हणतो. आक्काचे, दाजींचे, मामांचे आणि त्या मॅडमचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी नाकारणार नाही.

बरा झालो का, ते मला सांगता येणार नाही. छातीवर पाटा अजून येतो. सासरवाडीकडचा तो माणूस अजून इथंच आहे आणि दुपारी मामांशी हळू आवाजात बोलत असतो. माझे कान तिकडं जातात. फरक एवढाच की आता मी उठून विचारतो, "काय चाललंय?" परवा तो म्हणाला, "सासऱ्यांच्या मूळव्याधीचं." मी परत येऊन बसलो.

आणि लगड झाली, तोलली, की मी ती आपणहून मामांच्या पुढं सरकवतो.

"मामा, परत ठेवा."

"कशाला? तू तोललीयास की."

"ठेवा. बघा तर."

मामा कुरकुरत काटा जवळ ओढतात. "तुझ्या दाजीला सांगतो, पोरगं आजारी धाडलं हुतं, लय शहाणं करून पाठवलंय." काटा हलतो, मग थांबतो. आम्ही दोघंही आकडा बघतो. मग मी केरसुणी घेतो आणि झाडायला लागतो.